मी विलायतेला जाणार होतो

मी चित्ता बोलतोय. बिबट्या म्हणाल तर मान फिरवून बसेन. बिबट्या अंधारात गोठ्यात शिरणारा चोर. मी उघड्या माळावर, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत शिकार करणारा. करणारा होतो, असं म्हणा. सध्या मी एका बाजेवर लोळत असतो. कमरेला पट्टा आहे, पट्ट्याची दोरी बाजेच्या पायाला बांधलेली आहे, आणि ती सोडली तरी मी कुठे जाणार नाही हे आता अख्ख्या कोल्हापूरला ठाऊक झालंय.

माझा जन्म इथला नव्हे. पार पूर्वेकडच्या एका माळावर, करडईच्या वावराशेजारी आईनं मला वाढवलं. गवतात पोट टेकून कसं सरकायचं, काळवीट मान खाली घालेपर्यंत कसं थांबायचं आणि मग एका दमात कसं सुटायचं, हे तिनं मला शिकवलं. पिल्लू असताना धरलेला चित्ता माणसाच्या काही कामाचा नसतो, कारण शिकार त्याला माणूस शिकवू शकत नाही. म्हणून आम्ही चांगले थोराड झाल्यावरच आम्हाला धरतात. आईची मेहनत आयती पदरात पडते. माणसाची हुशारी म्हणतात ती हीच.

ज्या बाभळीला मी नखं घासायचो तिच्याभोवती फासे लावले होते. मी अडकलो, विकला गेलो आणि डोळ्यांवर कातड्याची टोपी घालून कोल्हापुरात आलो. सरदार हंबीरराव यांनी मला विकत घेतलं. त्यांच्या पागेमागे चित्त्यांसाठी एक पडवी होती. तिथे सिकंदर चित्तेवान, त्याची बायको ताजबी आणि म्हातारा बाप मौला राहत होते.

चित्ता माणसाळवायची या लोकांची रीत मोठी अजब. मारत नाहीत, झोडत नाहीत. टोपी घातलेल्या चित्त्याला बाजेवर बांधतात आणि त्याच्या उशाशी बायका बसवतात. बायकांनी फक्त बोलायचं. सकाळी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत नुसतं बोलायचं. मला दिसत काहीच नव्हतं. होता तो फक्त आवाज. ताजबी मला काय काय सांगायची! वांगी किडकी निघाली, शेजारची चिमणाबाई सासूशी भांडली, सिकंदरला रात्री खोकला लागला होता. सुरुवातीला मी फिसकारायचो. मग कंटाळून ऐकू लागलो. पुढे पुढे तर ती पाणी आणायला उठली तरी माझा जीव खालीवर व्हायचा.

या रीतीला एक शेवट असतो. चित्त्यानं हातातून मांस घेतलं की बायकांनी उठायचं, त्यानंतर त्याच्याशी चित्तेवानाखेरीज कुणी बोलायचं नाही. मौलानं आयुष्यभर हा नियम पाळला होता. माझ्या बाबतीतही तो पाळला गेला. ताजबी उठून गेली, मला चार दिवस अन्न गोड लागलं नाही आणि मग मी शिकारीला लागलो. बैलगाडीतून माळावर न्यायचे, टोपी काढायचे, आणि समोर काळवीट! शिकार झाली की सिकंदर धावत यायचा, लाकडी पळीतून गरम रक्त पाजायचा आणि मानेला मिठी मारायचा. त्या दिवसांत त्याच्याबद्दल माझ्या मनात काहीही वाईट नव्हतं, हे मी कबूल करतो.

मग ती विलायत आली.

आमच्या महाराजांना गादीवर बसून आठेक वर्षं झाली असतील. तिकडे विलायतेला नवा बादशहा गादीवर बसणार असल्याची वर्दी आली आणि सरदार हंबीररावांनी लंडनला जायचं ठरवलं. त्यांच्या घराण्यात समुद्र ओलांडणारे हे पहिलेच. एका सकाळी ते कारभारी कृष्णातरावांना घेऊन पडवीत आले.

"जवाहीर काय, सगळेच दाखवतील," सरदार म्हणाले. "आपण असं कायतरी न्यायचं की लंडननं तोंडात बोट घालावं. हा चित्ता न्यायचा."

"तिथल्या बागांत हरणं हाईत, सरकार," कारभारी म्हणाले. "साहेबलोकांम्होरं शिकार दावू. नाव हुईल."

"सिकंदर, तू येणार. पर ऐक. जनावर गरीब पायजे. मडमांनी पाठीवर हात फिरवला तरी गुरगुरता कामा नये. जहाजात बोंब नगं, लंडनात बोंब नगं."

सिकंदरनं जमिनीपर्यंत मुजरा केला. सरदार गेल्यावर तो माझ्या बाजेवर बसला आणि किती तरी वेळ माझ्या मानेचे केस कुरवाळत राहिला.  या माणसानं मिरजेपलीकडचं जग पाहिलं नव्हतं. त्याच्या बापानं तर तेही नाही. राजेरजवाड्यांच्या शिकारी करून द्यायच्या, त्यांच्या जेवणावळी लांबून पाहायच्या आणि चित्त्याबरोबर म्हातारं व्हायचं, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं होतं. आता लंडन! सिकंदरनं ते नाव तोंडात साखरेसारखं घोळवलं.

तयारी सुरू झाली ती बघण्यासारखी होती. गोऱ्यांच्या कँपातल्या, म्हणजे छावणीतल्या, एका बटलराला गाठून सिकंदर रोज लंडनच्या बातम्या आणायचा. जहाज हलतं असं कळल्यावर त्यानं माझी बाज चार दोरांनी चिंचेच्या फांदीला टांगली आणि मला दुपारभर झोके दिले. खाली उभ्या असलेल्या सिकंदरलाच गरगरायला लागलं. मी मजेत होतो. तिकडे थंडी असते म्हणून ताजबीनं घोंगडी फाडून मला अंगरखा शिवला. मडमांची सवय व्हावी म्हणून चिमणाबाईला कुठून तरी आणलेला घोळदार झगा घालून, हातात छत्री देऊन माझ्यापुढे उभी केली. तिला इतकं हसू यायचं की छत्री धड उघडायची नाही. सिकंदर तिच्यावर खेकसायचा, "मडम हसत न्हाय, चिमणाबाई! मडम कडक असती!"

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यानं ताजबीला पुन्हा माझ्या उशाशी बसवलं.

मौला काठी आपटत बाहेर आला. "सिकंदर, ह्ये करू नगंस. हातातनं मांस घेतलं का बाईनं उठायचं. माझ्या बानं मला सांगितलं, म्या तुला सांगितलं. लई बोललं की जनावर आतनं इस्कटतंय."

"आब्बा, तुमी लंडन बघितलंय व्हय?" सिकंदर म्हणाला. "तिथं हरणापरास माणसं जास्त हाईत. हितली रीत तिथं कामाची न्हाय."

"आन् शिकार?"

"शिकार त्याच्या रगतात हाय. ती कुठं जातीय?"

म्हातारा काठी टेकत आत गेला. पोरगा एवढा आनंदात असताना बापाची जीभ चालत नाही, हे मी माणसांत पुष्कळदा पाहिलंय.

ताजबी बोलत राहिली. या वेळी टोपी नव्हती, त्यामुळे तिचं तोंडही दिसायचं. तिचं बोलणं आता सगळं लंडनचं. "आरं, तिथं भर दुपारी दिवं लावत्यात म्हणं. नदीवर पूल हाय, त्यो मधनंच उघडतोय आन् जहाज आत जातंय. तिथल्या किल्ल्यात राजानं कावळं पाळल्यात. कावळं! आमच्या दारातलं कुणी पाळत न्हाय बघ. ह्यास्नी थंडी वाजली तर तू अंगाला लागून नीज, काय? लई खोकत्यात." तिला कुणी नेणार नव्हतं. तरीही त्या गावातला एकेक रस्ता तिनं माझ्याबरोबर पालथा घातला. तिच्या आवाजात मला झोप यायची, तिच्याच आवाजात जाग यायची. अंधार पडल्यावर ती चूल पेटवायला उठली आणि पडवी शांत झाली की मला धडकी भरायची. मी, ज्यानं गवतात तासन् तास चिडीचूप बसायचं, तो शांततेला घाबरू लागलो. सिकंदरच्या ते ध्यानात आलं नाही. तो समुद्रापलीकडे बघत होता.

निघण्याआधी सरदारांनी चाचणी ठेवली. कुरुंदवाडच्या वाटेवरच्या माळावर गाड्या लागल्या. कोणी एक साहेब आणि त्याची मडम मुद्दाम पाहुणे म्हणून बोलावले होते. सोबत सरदारांच्या घरच्या बायका, कारभारी, हुजरे, अशी जत्राच होती. सगळे एकदम बोलत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

सिकंदरनं टोपी काढली. समोर काळवीट उभं होतं. मोठं, काळंभोर. मी गाडीवरून उतरलो, पोट टेकलं, सरकलो. पायांना सगळं आठवत होतं. मी सुटलो. दोन, तीन झेपा घेतल्या असतील, आणि तेवढ्यात माझ्या मागे सगळे गप्प झाले.

शिकार सुटली की माणसं श्वास रोखतात. तसाच त्यांनी रोखला. पण मला वाटलं, मागे कुणी उरलंच नाही. सगळे उठून गेले. माझे पाय थांबले. काळवीट डौलात उड्या मारत निघून गेलं आणि मी वळून गाड्यांकडे धावलो. ज्या पहिल्या झग्याचा घोळ दिसला त्यापाशी जाऊन मी आडवा झालो आणि घुरघुरू लागलो.

तो झगा खऱ्या मडमेचा होता. ती आधी किंचाळली, मग हसली, मग खाली वाकून तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. अशी छत्री, असा झगा, सगळं मला पाठ होतं. मी हललोही नाही. सगळा माळ हसत होता. सरदार हंबीरराव तेवढे हसत नव्हते. सिकंदर दोरी हातात घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मडम साहेबाला काहीतरी म्हणाली. कारभाऱ्यांनी ते सरदारांना सांगितलं, "बाईसाहेब म्हणत्यात, असलं सुंदर कातडं त्यांनी कुठं बघितलं न्हाय."

सरदारांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

परतल्यावर पडवीतच निकाल लागला. मी सिकंदरच्या पायाशी बसलो होतो. "शिकार न करणारा चित्ता लंडनला नेऊन मी काय कुत्रं दावू?" सरदार म्हणाले. "पर चित्ता नेणार म्हणून सगळीकडं बोललोय. कातडं नेऊ. मुंडक्यासकट. कृष्णातराव, भोक पडता कामा नये."

"न्हाय पडणार. मांसातनं देऊ कायतरी," कारभारी म्हणाले. "फक्त त्यो सिकंदरच्या हातनंच खातो."

"सिकंदर, तू ये लंडनला. कातड्याशेजारी उभं ऱ्हाऊन सांगायला माणूस पायजेच. तू खाऊ घालशील न्हवं?"

मी वर पाहिलं. मला वाटलं, हा आता सरदारांच्या पाया पडेल. निदान थोडा अडखळेल, खाकरेल, तोंड फिरवेल. त्यातलं काहीही झालं नाही.

"व्हय, सरकार," सिकंदर म्हणाला.

संध्याकाळी ताजबीनं त्याला घरात घेतलंच नाही. दारातच उभी राहिली. "पोटच्या लेकरासारखं त्याच्याशी बोलाया लावलं मला. आन् आता त्याचं कातडं खांद्यावर टाकून लंडन बघणार तुमी?"

"आगं, म्या न्हाय म्हणलो असतो तर त्यो वाचला असता व्हय?" सिकंदर कळवळून म्हणाला. "दुसऱ्यानं मारलं असतं, दुसरा गेला असता. कातडं तर जाणारच हाय. मग म्या का ऱ्हाऊ?"

त्याचं म्हणणं खरं होतं. माणसाला असलं खरं फार वेळेवर सुचतं.  ताजबी आत गेली, आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. आपल्या बोलण्यानंच हे केलं असं तिला वाटत असावं. मौला अंगणात बसून माझ्याकडे बघतो आणि नजरानजर झाली की मान खाली घालतो. मला मात्र ती शांतता खाऊन टाकते. उद्याच्या विषाच्या मांसापेक्षा मला आजच्या मुक्या पडवीचं भय जास्त वाटतं. इतकं मला माणसांनी आपलंसं केलंय!

आज दुपारी सिकंदर आला. लंडनसाठी शिवलेला बनातीचा लाल कोट घालून आला होता. बाह्या लांब झाल्यात. माझ्यापुढे ताठ उभा राहिला, घसा साफ केला आणि तिथे जे सांगायचं ते म्हणून पाहू लागला.

"हुजूर, ह्यो कोल्हापूरचा चित्ता. म्या सोता माणसाळवल्याला. माझ्या हाताबिगर खात न्हवता. माझ्या मंडळीनं बोलून बोलून..."  इथे त्यानं नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला मंडळीचं वाक्य गाळलं. तिसऱ्या खेपेला कुठेही न अडता सगळं म्हणून झालं.

मग त्यानं मला विचारलं, "बरं वाटतंय न्हवं?"

आणि मी घुरघुरलो. किती तरी दिवसांनी कुणी माझ्याशी बोललं होतं. मी त्याचा हात चाटला. तो तिथून जवळजवळ पळतच गेला.

तुम्ही कधी विलायतेला गेलात, आणि तिथल्या एखाद्या दिवाणखान्यात तोंड उघडं ठेवून भिंतीवर लटकलेला मी तुम्हाला दिसलो, तर खुशाल बघा. हातही फिरवा, आता काय त्याचं! फक्त माझ्याशी बोलू नका.