पाठवलेला पूर

प्रश्न विचारणं ही माणसाच्या मुक्तीची पहिली पायरी आहे. आमच्या शाळेच्या फाटकावर हे वाक्य पितळी अक्षरांत बसवलेलं आहे. त्याच्या खाली साध्या रंगाने लिहिलंय: पहारेकऱ्याला प्रश्न विचारू नयेत, कार्यालयात जावं.

मी या शाळेत इंडोनेशियाची भाषा शिकवतो. 'शिकवतो' हा शब्द शाळेला आवडत नाही. आमच्याकडे शिकवणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता मुलं शोध घेतात आणि आम्ही बाजूला उभे राहून कौतुकाने माना डोलावतो. मान डोलावण्याचं प्रशिक्षण दर जून महिन्यात असतं, ते चुकवता येत नाही.

शाळा दक्षिण जाकार्तात आहे. तिच्या मागच्या भिंतीला चिकटून रावा पेताई नावाची वस्ती आहे, आणि भिंतीपासून तिसरं घर माझं. म्हणजे मी कामाला जातो तेव्हा आधी भिंतीला पूर्ण वळसा घालतो. मागून दार नाही. माझी बायको एंदाह घरी टेंपे करते. सोयाबीन भिजवायचं, सालं काढायची, उकडायचं, गार करून विरजण लावायचं, केळीच्या पानात बांधून फळीवर ठेवायचं. मग पांढरी बुरशी धरून त्याची घट्ट वडी होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. पण आमच्या घरात पाऊस झाला की पाणी शिरतं, आणि पाण्याला हे कुणी सांगितलेलं नाही. सगळ्या पुड्या नासतात आणि एंदाहची गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. गेल्या पावसाळ्यात निम्मी गेली. उरलेल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा खाडे झाले तर आम्हीही चाललो.

पूर का येतो, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. बोगोरमुळे. बोगोर वर डोंगराकडे, आम्ही खाली. तिकडे पाऊस पडला की पाणी नदीतून इकडे येतं. आमच्याकडे त्याला नावच आहे, 'बंजिर किरिमान', म्हणजे पाठवलेला पूर. वर्तमानपत्रं तसं लिहितात, नगरपालिका तसं बोलते, मीही तसंच म्हणत आलो. बोगोरच्या लोकांनी कधी तक्रार केली नाही. आपण इतके उद्योगी आहोत हे बहुधा त्यांना ठाऊक नसावं.

भानगड सुरू झाली ती या शब्दापासून.

सहावीच्या वर्गात हा-रिन नावाची कोरियन मुलगी आहे. तिची आमची भाषा तिच्या शेजारी बसणाऱ्या राडितपेक्षा चांगली, आणि राडित तर जन्माने जाकार्ताचा. त्याच्या घरी आयासुद्धा इंग्रजीत ओरडते. एकदा वर्गात 'बंजिर किरिमान' आलं तेव्हा हा-रिनने हात वर केला. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे 'पाक' म्हणतात, मुलं मलाही तसंच म्हणतात.

"पाक सुगेंग, किरिमान म्हणजे पाठवलेली वस्तू ना? आजीने सोलहून लोणच्याचा डबा पाठवला, तो किरिमान. बरोबर?"

"बरोबर."

"मग पूर कुणी पाठवला?"

"बोगोरने," राडित म्हणाला.

"डब्यावर पाठवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. पुरावर कुठे असतं?"

"ए, पूर काय कुरिअरने येतो?" राडित हसला. वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी येऊन एंदाहला सांगितलं, तर ती हसली नाही.

"मास," ती म्हणाली, जावात बायका नवऱ्याला अशीच हाक मारतात, "माझी बहीण बोगोरला राहते. गेल्या वेळी आपल्या स्वयंपाकघरात टोपली तरंगत होती तेव्हा मी तिला फोन केला होता. म्हणाली, इथे कडक ऊन आहे, कपडे वाळत घातलेत. मी तेव्हाच तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, पाणी सावकाश येतं."

"येत असेल."

"हो, बस चुकली असेल त्याची."

मुलांना वर्षअखेरीच्या प्रदर्शनासाठी प्रकल्प करायचा असतो. हा-रिन आणि राडितने हाच विषय घेतला: पूर कुणी पाठवला? पद्धत त्यांचीच. खेळाच्या कोठीतून टेबल टेनिसचे चेंडू घेतले आणि प्रत्येकावर न पुसणाऱ्या शाईने लिहिलं, 'प्रेषक: बोगोर', 'प्रेषक: मोठा पूल', 'प्रेषक: आमची शाळा'. पहिले राडितच्या ड्रायव्हरने नेऊन वर नदीत सोडले. दुसरे नदीवरच्या मोठ्या पुलावरून. तिसरे शाळेच्या मैदानाखालच्या टाकीत. आमचं फुटबॉलचं मैदान कितीही पाऊस झाला तरी तासाभरात खेळायला तयार असतं. पालकांना दाखवायच्या माहितीपत्रकात त्याचा फोटो आहे. त्या मैदानाचं सगळं पाणी त्या टाकीत उतरतं. तिथून पंप ते कुठे फेकतो, हे माहितीपत्रकात नाही.

शाळेच्या नावाच्या चेंडूंतून काही निघेल असं हा-रिनला वाटत नव्हतं. "ते उगाच आहेत," ती म्हणाली, "पण तुलनेसाठी लागतात."

पुढच्या सोमवारी दुपारी पाऊस झाला. सुट्टी झाल्यावर मी भिंतीला वळसा घालून गल्लीत शिरलो तर पाणी पोटरीपर्यंत, आणि पोरं पाण्यात उड्या मारत पांढरे चेंडू गोळा करतायत. वस्तीचे कारभारी पाक मादाली लुंगी वर खोचून पायरीवर उभे होते. हातात चार चेंडू.

"अहो मास्तर, तुमच्या शाळेने भेट पाठवलीय! नाव घालून! इतकी वर्षं शेजारी राहतो, पहिल्यांदा आठवण झाली."

"बघू."

"परत नाही हां देणार. भेट ती भेट."

मी चेंडू बघितले. प्रेषक: आमची शाळा. प्रेषक: आमची शाळा. पोरांच्या ओंजळी उघडायला लावल्या. सगळ्यांवर तेच. बोगोरचा एक नाही, पुलाचा एक नाही. मग पोरांबरोबर गल्लीच्या टोकाला गेलो, जिथून चेंडू येत होते. गवती झुडपामागे भिंतीला एक जाड पाइप होता आणि त्यातून पाणी असं फेकलं जात होतं की समोरच्या घराचा कठडा झिजला होता. हा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकत होतो. मला वाटायचं पाऊसच आहे.

घरात एंदाह उकडलेल्या सोयाबीनच्या पातेल्यातून एक चेंडू चमच्याने काढत होती. तिने वाचला, पुसला आणि माझ्या हातात दिला.

"घ्या. तुमच्या ऑफिसातून आलंय."

मला राग आला. राग आला की मी फार नम्र होतो, हा आम्हा जावाच्या लोकांचा दोष आहे. दुसऱ्या दिवशी मी इतका नम्र झालो की मिस ब्रॉन्विननी मला बरं वाटतंय का असं विचारलं. मिस ब्रॉन्विन आमच्या जिज्ञासा विभागाच्या प्रमुख. मुलांनी त्यांना चेंडू, पाइपाचे फोटो आणि नकाशा दाखवला. उपायही होता: पाइप मागच्या वस्तीऐवजी पुढच्या बाजूने, गाड्या उभ्या राहतात त्या पटांगणाखालून, सरकारी मोठ्या कालव्याला जोडायचा.

"सुंदर!" मिस ब्रॉन्विन म्हणाल्या. "फक्त एक अडचण आहे. तुमचा प्रश्न फार बंद आहे."

"बंद म्हणजे?" हा-रिनने विचारलं.

"म्हणजे त्याला उत्तर आहे. आपल्याला खुले प्रश्न हवेत. 'पूर कुणी पाठवला' म्हटलं की उत्तर मिळतं आणि शोध संपतो. त्याऐवजी 'पाण्याशी आपलं नातं काय' घेऊ या?"

"पण आम्हाला उत्तर सापडलंय, मिस."

"हो ना. म्हणूनच."

मी अत्यंत नम्रपणे म्हणालो, "मिस ब्रॉन्विन, पाण्याशी माझं नातं गुडघ्यापर्यंत आहे."

"किती छान शब्द!" त्यांनी लिहून घेतलं. पुढे प्रदर्शनात ते वाक्य निळ्या कापडावर लावलं होतं, खाली माझं नाव.

पटांगण खणायचं तर गाड्या काही आठवडे बाहेर रस्त्यावर उभ्या कराव्या लागल्या असत्या. हा विषय पालकांच्या बैठकीत निघाला आणि तिथेच बुजला. तरीही मुख्याध्यापक मिस्टर हॅडोंनी जाहीर केलं की शाळा शेजाऱ्यांचं ऐकणार आहे, आणि प्रदर्शनाला आणि जेवणाला वस्तीतर्फे पाक मादालींना आमंत्रण गेलं. ते बाटिकचा ठेवणीतला शर्ट घालून आले. एंदाहही आली. तिला अजून वाटत होतं की पाइपाचं तोंड फिरेल. घरी फळीवर नव्या पुड्या लावून आली होती, वर आकाश भरलेलं असताना.

प्रदर्शनात चेंडू दोऱ्यांनी छताला टांगलेले. थेंबांचं शिल्प, मिस ब्रॉन्विननी सांगितलं. अक्षरं रंगात झाकली गेली होती. नकाशा नव्हता. त्या जागी मुलांच्या हाताचे निळे ठसे. हा-रिन कोपऱ्यात उभी होती, हात निळा.

पाक मादालींना बोलायला सांगितलं, आणि दुभाषी मी. मिस ब्रॉन्विन माझ्या कानाशी आल्या. "शब्दशः नको, सुगेंग. भाव पोचव."

पाक मादाली माइकसमोर उभे राहिले. लांब बोलायची त्यांना सवय नाही. "तुमचा पंप आमच्या घरात पाणी ओततो. या पोरांनी शोधून काढलं. पंपाचं तोंड फिरवा. एवढंच. जेवायला बोलावलंत, आभारी आहे."

मी शब्दशः सांगितलं. प्रत्येक शब्द, आणि 'ओततो' दोनदा. माझा आवाज चढला होता, हे एंदाहने नंतर सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला म्हणाली.

मग टाळ्या. नुसत्या टाळ्या नव्हे, लोक उठून उभे राहिले. एक बाई डोळे पुसत होत्या. मिस्टर हॅडोंनी पाक मादालींचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "किती प्रामाणिक आवाज. आज आम्ही सगळे शिकलो."

"काय म्हणतायत?" पाक मादालींनी मला विचारलं.

"म्हणतायत, शिकलो."

"मग फिरवणार?"

मी मिस्टर हॅडोंना विचारलं, सर्वांसमोर, माइकवर. "हे विचारतायत, फिरवणार का?"

"हा," मिस्टर हॅडो म्हणाले, "फार महत्त्वाचा प्रश्न आहे. आपण तो मनात जपून ठेवू या."

पुन्हा टाळ्या.

"मनात ठेवणार म्हणतायत," मी सांगितलं.

"मनात?" एंदाह मागून म्हणाली, माइकची तिला गरज नाही. "मनात जागा आहे, मग पाणी पण तिथेच ठेवा म्हणावं!"

वस्तीच्या भाषेतलं हे वाक्य सभागृहात तीन-चार जणांनाच कळलं. त्यातले दोन वाढपी होते. हसले ते तेवढेच. मिस ब्रॉन्विननी मला भाव विचारला. मी भाव सांगितला. त्या दिवशी पुन्हा कुणी मला भाव विचारला नाही.

मिस्टर हॅडो घाईने कार्यक्रम आवरता घ्यायला लागले, तेव्हा हा-रिनने हात वर केला. माइक तिला कुणी दिला नाही, म्हणून ती ओरडून बोलली.

"सर, प्रकल्पात शेवटी कृती करावी लागते. नियमात आहे. आमची कृती काय?"

तो नियम खरा होता. आमच्याकडे शोधाच्या शेवटी कृती नसली तर प्रकल्प अपुरा धरतात. मिस्टर हॅडोंनी आपल्या सुविधा व्यवस्थापकाकडे पाहिलं. तो बराच वेळ टांगलेले चेंडू निरखत होता.

"सर, मुलांनी टाकीत सोडलेल्या चेंडूंपैकी निम्मे टाकीतच राहिलेत," तो म्हणाला. "बाकी बरेच पंपात फुटले. म्हणजे आपला पंप नीट ओढतच नाहीय."

"म्हणजे हे मुलांमुळे कळलं?"

"हो सर. मुलांमुळेच."

मिस्टर हॅडोंचा चेहरा खुलला. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "सुगेंग, यांना सांग, शाळा कृती करणार आहे. याच महिन्यात."

मी सांगितलं. पाक मादालींनी समाधानाने मान हलवली आणि मुलांना आशीर्वाद दिले. हा-रिनने काही केलं नाही. तिने मला आमच्या भाषेत हळूच विचारलं, "पाक, ते पंपाबद्दल बोलतायत की तोंडाबद्दल?"

"पंपाबद्दल."

"तुम्ही आजोबांना तसं सांगितलं नाही."

"आता सांगतो," मी म्हणालो, आणि सांगितलं. पाक मादालींनी हातातली बशी टेबलावर ठेवली आणि जेवण न करता निघून गेले. त्यांच्या मागोमाग एंदाह. तिला पुड्या उंच फळीवर हलवायच्या होत्या. आमच्या घरात त्याहून उंच काही नाही.

प्रकल्पाला 'प्रत्यक्ष कृती घडवणारा शोध' हा पहिला पुरस्कार मिळाला. शाळेने महिनाअखेर पंप बदलला, त्यावर दोन्ही मुलांच्या नावांची पितळी पट्टी आहे. पाइपाचं तोंड होतं तिथेच आहे. नवा पंप जुन्याच्या दुप्पट पाणी फेकतो.