चौथ्या मजल्यावरची चादर

एर्मिनियाने हँडबॅगेतून हातरुमाल काढला, जहाजाच्या कठड्यावर साचलेला खारा ओलावा पुसला आणि कोरड्या केलेल्या त्या वीतभर जागेवर दोन्ही हात ठेवले. आता काही झालं तरी इथून हलायचं नाही, हे तिच्या कोपरांकडे पाहूनच कळत होतं.

“आई, खोली तरी बघून घे,” लेक लोरेदाना म्हणाली. “तुझ्या पलंगाशी खिडकी आहे.”

“खोली कुठे पळून जाणार आहे? सात दिवस तीच बघायची आहे.”

जावई फुल्वियोने तिच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहून नाकाने हवा ओढली.

“आई, मला फोकाच्चाचा वास येतोय.”

“येणारच. फोकाच्चाच आहे.”

“या जहाजावर दोन मजले नुसते जेवणाचे आहेत. आणि तुम्ही गल्लीतल्या भट्टीतला पाव बांधून आणलात?”

“उद्या सकाळी कॉफीत बुडवायला तूच मागशील. तेव्हा बोलू.”

नऊ वर्षांची नात जिनेव्रा फिसकन हसली आणि आजीच्या कोपराखालून डोकं काढून कठड्याशी उभी राहिली. चार दिवस जेनोव्हा शहरावर दक्षिणेकडचा दमट वारा बसून होता. आज सकाळी तो गेला, आणि डोंगरउतारावरची घरं धुऊन ठेवल्यासारखी जवळ आली होती.

त्यांतलंच एक घर एर्मिनियाचं. चौथा मजला, फिक्या गुलाबी रंगाची इमारत. पन्नास वर्षांपूर्वी नवरी होऊन ती त्या घरात आली, तेव्हा सासूने तिला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती. घरातला पुरुष ज्या दिवशी समुद्रावर जाईल, त्या दिवशी खिडकीतून पांढरी चादर सोडायची. वरची दोनच टोकं चिमट्यांनी धरायची, खालचा भाग मोकळा ठेवायचा, म्हणजे ती हलते. जहाज दीपस्तंभ ओलांडेपर्यंत चादरीशी उभं राहून ‘नमो मरिया’ म्हणत राहायचं. तिचा नवरा बाच्चीन खलाशी होता. तो एकतीस वर्षं जात राहिला आणि ती चादर सोडत राहिली. प्रत्येक खेपेला त्याचं पहिलं पत्र यायचं, त्यात पहिलीच ओळ असायची: दिसली मला. फडफडत होती.

फक्त एकदा तिने चादर लावली नव्हती. लोरेदाना आठ महिन्यांची होती, तापाने तिचे डोळे फिरले होते, आणि बाच्चीनचं जहाज सुटलं तेव्हा एर्मिनिया पोरीला छातीशी घेऊन इस्पितळाच्या बाकावर बसली होती. महिन्याभराने माँतेव्हिदेओहून पत्र आलं. दिसली मला. फडफडत होती.

तिने ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं. त्याला कधी काही विचारलं नाही. पण त्यानंतर रोज जपमाळ ओढताना कुठल्यातरी मण्यावर ते वाक्य माशाच्या काट्यासारखं अडकायचं. म्हणजे हा माणूस न बघताच लिहितो. म्हणजे बाकीच्या वेळीही. बाच्चीनला जाऊन चार वर्षं झाली, तरी काटा होता तिथेच होता. लोरेदानाने या सहलीचं नाव काढलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारी नाही म्हणेल. तिने फक्त एवढंच विचारलं होतं, जहाज आपल्याच बंदरातून सुटतं ना?

आणि काल संध्याकाळी तिने घराची किल्ली खालच्या मजल्यावरच्या पिनुच्चाच्या हातात दिली होती. “सव्वापाचला चादर सोड. पलंगावर काढून ठेवली आहे. दोनच चिमटे.” चादर इथून दिसली तर बाच्चीन खरंच बघत होता. नाही दिसली, तर एकतीस वर्षांचं काय करायचं, हे तिने अजून ठरवलं नव्हतं.

भोंगा वाजला. जिनेव्राने कानांवर हात ठेवले. जहाज हललं असं कुणालाच वाटलं नाही. धक्काच हळूच मागे सरकला, मग गोदामं सरकली, मग कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसं सगळं शहर वळलं. उन्हात पिवळसर धूळ तरंगत होती. दीपस्तंभ एवढ्या जवळून गेला की त्याच्या खिडक्या मोजता आल्या असत्या.

एर्मिनियाची नजर चर्चच्या घुमटावर गेली. घुमटावरून देवदारांच्या रांगेवर, तिथून खाली गुलाबी इमारतींवर. आणि तिथे ती थबकली.

सगळा डोंगर पांढरा होता. चार दिवस घरात कुबट झालेले कपडे आज एकाच वेळी बाहेर आले होते. खिडकीखिडकीला, गच्चीगच्चीला चादरी.

“बापरे,” फुल्वियो हसून म्हणाला. “आख्ख्या गावाने आपल्याला निरोप द्यायचं ठरवलेलं दिसतंय.”

“आजी, आपली कुठली?” जिनेव्राने मोबाइल वर धरला आणि चित्र मोठं केलं. पडद्यावर पांढरे-गुलाबी दाणे झाले. “काहीच कळत नाही.”

“थांब.” एर्मिनियाने डोळे बारीक केले. घुमटाच्या डावीकडे, देवदारांच्या खाली एक चादर इतरांसारखी ताठ नव्हती. खालचं टोक उचललं जात होतं, पडत होतं, पुन्हा उचललं जात होतं. “ती बघ. ती हलणारी. ती आपली.”

“नक्की?”

“मला माझी चादर कळणार नाही?”

तिने हात वर केला. आधी लाजत, मग पुरता. लोरेदाना आईच्या पाठीवर तळहात ठेवून उभी राहिली.

लोरेदानाच्या खिशातला फोन वाजला. तिने नाव पाहिलं आणि तो आईच्या कानाशी धरला.

“एर्मिनिया?” पिनुच्चाचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होता. “अगं, मेलं मला लाज वाटते. जेवून जरा खुर्चीत टेकले, ते आत्ता भोंग्याने जाग आली. किल्ली अजून माझ्या एप्रनच्या खिशातच आहे. निघालात का तुम्ही? थांब, मी जाते वर, दोन मिनिटांत लावते.”

एर्मिनियाचा वर केलेला हात तसाच राहिला. डोंगरावर ती चादर अजून हलत होती. कुणाची होती कोण जाणे. कुणातरी बाईने घाईत दोनच चिमटे लावले असतील.

दोर गुंडाळता गुंडाळता मान वर करणारा बाच्चीन तिच्या डोळ्यांपुढे आला. त्याच्यापाशी किती क्षण असतील? दोन, तीन. तेवढ्यात त्याने हलणारी चादर शोधली असेल, आणि त्याला ती सापडली असेल. इस्पितळाच्या त्या दिवशीही.

“एर्मिनिया? ऐकतेस ना? जाऊ का वर?”

“नको, पिनुच्चा. गुडघे दुखतात तुझे.”

“पण तू एवढं सांगून गेलीस.”

“दिसली मला,” एर्मिनिया म्हणाली. “फडफडत होती.”

एर्मिनियाने कानाशी धरलेला फोन बाजूला सारला, वाकून पिशवीतलं तेलकट कागदाचं पुडकं काढलं, आणि फोकाच्चाचे पाच तुकडे केले.

“आजी, आपण तर चारच आहोत,” जिनेव्रा म्हणाली.

एर्मिनियाने पाचवा तुकडा कागदात गुंडाळून कठड्यावर, पुसून कोरड्या केलेल्या त्या जागेवर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर हात ठेवून उभी राहिली.