पाऊण नावेचं अंतर

अकरा वर्षं मी आणि दादानं देशाच्या संघातून वल्ही मारली. सात देश फिरले आणि सातही देशांत पाण्याशिवाय काही पाहिलं नाही, असं वहिनी येईल त्याला सांगते. खरंच आहे ते. चौघांची नाव, ताल द्यायला मी, माझ्या पाठीशी दादा. ताल देणाऱ्याला बाकीचे तिघे दिसतच नाहीत. नाव हलकी चालली की समजायचं, मागे सगळे आहेत.

गेल्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या संघात एकच जागा अडली होती. दादा, की तो नवा उंच गडी, ज्याला सगळे ‘शिडी’ म्हणायचे? आमचे कोच स्वतःच्या तोंडानं कोणालाच काढत नाहीत, ते काम घड्याळावर सोडतात. दोन नावा शेजारी-शेजारी पळवायच्या, मग दोन नावांतल्या एकेका माणसाची अदलाबदल करून पुन्हा पळवायच्या. जो फरक पडेल तो त्या माणसाचा. बाकीच्यांनी दोन्ही वेळा सारखाच जोर लावायचा, एवढाच नियम. तो कोणी मोडला तर कळायला मार्ग नाही.

शिडी आमच्या नावेत आणि दादा शेजारच्या नावेत होता तेव्हा आम्ही जेमतेम जिंकलो. मग शिडीच्या जागी दादा आला आणि पहिल्या वीस हातांतच नाव जड लागली. दादा थकला, संपलं सगळं. ज्यानं मला वल्हं धरायला शिकवलं, त्याला माझ्याच नावेतून उतरवणार होते. नियम बाजूला ठेवून मी जीव तोडून ओढलं. पाऊण नावेच्या अंतरानं जिंकलो. काठावर मला उलटी झाली, तेव्हा सकाळचं दूध बाधलं म्हणून सांगितलं. कोचनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, शेवट दिसत असताना, दादाची पाठ गेली. तो मागे ओरडला, ते ओरडणं मला अजून ऐकू येतं. दोन ऑपरेशनं झाली. आता त्याची लहान मुलगी त्याच्या मांडीवर दुसऱ्या कोणालातरी ठेवावी लागते.

परवा दुपारी मी सगळं कबूल करायचं ठरवून गेलो. दादा कडक गादीवर पडला होता. वहिनी बाहेर गेली होती.

“दादा, त्या निवडीच्या शर्यतीबद्दल बोलायचंय.”

“मलाही,” तो म्हणाला. “कोणाला सांगितलं नाहीये. डॉक्टर तेव्हाच थांब म्हणाले होते. पण सोडतो म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, घड्याळच काढू दे. मुद्दाम हात आखडून मारले, बारक्या. तरी पाऊण नावेनं आलो.” तो हसला. “मग वाटलं, एवढं अजून अंगात आहे, तर पाठीचं कशाला ऐकायचं?”

मी त्याला वाचवलं नव्हतं. मीच त्याला मोडलं होतं.

“दिवसभर पडून तेच आठवतो,” दादा म्हणाला. “अर्ध्या जोरावर हरवलं शिडीला. एवढं तरी माझं आहे. तू काय सांगणार होतास?”

“हेच,” मी म्हणालो. “शिडी तुझ्या जवळपासही नव्हता.”