चुलीपासून दोन हात

मित्रांनो, घरातला धूर पोटात घ्यायचा आणि बाहेर नेऊन सोडायचा, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. मी पत्र्याचा एक जुना नळ आहे. इतक्या वर्षांत माझ्या पोटात काजळीचा ठिपकासुद्धा बसलेला नाही. तुम्हाला वाटेल, किती जपलं असेल याला! छे. मी कधी कामालाच आलो नाही.

सेलूच्या बाजारात चंद्रभान पत्र्याची कामं करायचा. रॉकेलचे रिकामे डबे कापून, ठोकून त्यानं मला घडवलं. धूर गोळा व्हावा म्हणून सुपाएवढं पसरट तोंडही केलं. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. जिंतूरकडच्या एका गावच्या व्यंकटराव देशमुखांनी मला करवून घेतलं होतं. त्यांच्या पत्नीचे, कस्तुराबाईंचे, डोळे सदा लाल असत आणि गळत. "घरातला धूर बंद करा, नाहीतर बाईंची नजर जाईल," असं परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. हे कानावर आलं तेव्हा मला केवढा अभिमान वाटला! कुणाचे डोळे राखायचं काम सगळ्यांच्याच नशिबी येत नाही.

मला बसवायला चंद्रभान गावी आला. पण त्या घरात गोषा होता. परका पुरुष माजघराच्या आत जात नसे.

"मालक, एक डाव चूल बघू द्या," तो म्हणाला. "बायामाणसं परसात बसू द्या तवर."

"चूल काय पाव्हण्यारावळ्याला दाखवायची चीज हाय व्हय?" व्यंकटराव म्हणाले. "जागा मी दावतो की वरून."

ते धाब्यावर, घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढले आणि टाच आपटून म्हणाले, "हितं पाड भोक." त्यांचा जन्म त्याच घरात गेला होता, पण त्यांचं ताट माजघरात येई. स्वयंपाकघरात त्यांचं काय काम? टाच आपटली तशी खाली पाण्याच्या रांजणात माती पडली. कस्तुराबाईंनी सासूच्या, बायनाबाईंच्या, कानात काही सांगितलं. म्हातारीनं अंगणात येऊन हाक दिली, "व्यंकट, सून म्हणायलीय, चूल अजून दोन हात उगवतीला हाय."

"आता बाया आमाला आमचं घर शिकवायल्या," व्यंकटराव हसले. चंद्रभान टाचेच्या खुणेवरच पहार मारू लागला.

माझं पसरट तोंड आत जाऊनच जोडावं लागतं. तेही राहिलं. पुढे ते कोंबडीची पिल्लं झाकायला वापरलं. मला मात्र धाब्यावर टोपी घालून उभं केलं. लोक वेशीपासून बोट दाखवायचे, "देशमुखानं बायकोसाठी लय केलं!" या कौतुकाची मला शिसारी येई. खाली मी रांजणावर लोंबत होतो आणि धूर दोन हातांवरून दाराकडे निघून जायचा. कस्तुराबाई पदरानं डोळे दाबत फुंकणी फुंकायच्या.

एकदा त्यांनी धीर करून नवऱ्याला विचारलं, "चूल सरकवू का नळाखाली?"

"बापजाद्याची चूल हाय ती. हलवायची न्हाई."

आपला परभणी जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी कस्तुराबाईंना तव्यावरच्या भाकरीची कड दिसेनाशी झाली. वर्षभरात उजेडही गेला. परभणीचे डॉक्टर रागावले, "धूर बंद केला नाहीत?" व्यंकटरावांना ते फार लागलं. घरी येताच ते तडक स्वयंपाकघरात शिरले. त्यांनी मान वर करून मला पाहिलं. मग चूल पाहिली. मला वाटलं, आता तरी या माणसाला समजेल.

"हात्तिच्या!" ते म्हणाले. "नळ चांगला हाय. चूलच भलतीकडं मांडलीय. एवढं बी कळू नये का बाईमाणसाला?"

कस्तुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मला काय दिसतंय आता," त्या म्हणाल्या. "तुमीच बघा."

व्यंकटरावांनी पाहिलं ते तेवढंच. चूल काही हलली नाही.

मित्रांनो, मला पुसा, रंग द्या, असं मी मागत नाही. गंज चढला तर चढू दे. पण कुणासाठी काही करायला निघालात, तर आधी त्या माणसाला विचारा, आणि त्यानं सांगितलेलं ऐका. बापजाद्यांच्या त्या चुलीपुढे आता कस्तुराबाईंची नवी सून कोकिळा बसते. तिचे डोळे गळायला लागले आहेत. अजून तिला दिसतं.