न तुटलेला ॲक्सल

"हा ॲक्सल नको," गार्लंड व्हॅनखालून म्हणाला. त्याचे फक्त बूट बाहेर दिसत होते. "फार बारीक वाटतो."

"आणि मघाचा?" मी विचारलं.

"तो रुंद होता. चाकं मडगार्डच्या बाहेर आली असती. बेडकासारखा दिसला असता माझा ट्रक."

सकाळपासून आम्ही वेंडेलच्या भंगारात गाड्यांखाली लोळत होतो. गार्लंड माझ्या बहिणीचा, नदीनचा नवरा. आठवडाभर तो शाळेची पिवळी बस इतकी जपून चालवायचा की रस्त्यातली कासवंसुद्धा निर्धास्त असायची. शनिवारी मात्र हाच माणूस गावाबाहेरच्या सरळ डांबरी पट्टीवर आपला काळा पिकअप ट्रक शर्यतीत उतरवायचा. पिकअप कारखान्यातूनच तगडं इंजिन घेऊन आलेला, त्यात गार्लंडनं आणखी ताकद ओतलेली. मागचा ॲक्सल, म्हणजे चाकं फिरवणारा दांडा, तेवढा साध्या ट्रकचाच होता. हिरवा दिवा लागला, गार्लंडनं पाय दाबला की इंजिनाचा सगळा जोर त्या बिचाऱ्या दांड्यावर यायचा आणि कडाड्! ट्रक जागेवर, आणि शेजारून वेंडेलचा लाल पिकअप पसार. हो, तोच वेंडेल, ज्याच्या भंगारात आम्ही लोळत होतो. आमच्या गावात भंगारवाला एकच, आणि गार्लंडला प्रतिस्पर्धीही एकच.

मग रविवारी चर्चहून आल्यावर, माझ्या बहिणीच्या टेबलावर, गार्लंडचं ठरलेलं वाक्य यायचं. "ॲक्सल तुटला नसता ना, तर..."

तुटलेले दांडे नदीननं वाया जाऊ दिले नाहीत. तिनं ते परसात ठोकले आणि त्यांना टोमॅटोची रोपं बांधली. सगळ्या केंटकीत टोमॅटो काठीला बांधतात, आमच्या घरी लोखंडाला. दर वर्षी एकदोन दांड्यांची भर पडायची आणि बाग वाढायची.

नाचता येईना अंगण वाकडं, असं गाव म्हणायचं, पण हळू आवाजात. कारण गार्लंडचं अंगण खरोखरच वाकडं होतं. त्याला नाचता येतं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अगदी त्यालाही.

गेल्या पानगळीत मात्र दांडा तुटला तो चाकासकट बाहेर आला. ट्रक गिरकी घेऊन सिमेंटच्या भिंतीकडे गेला आणि हातभर अलीकडे थांबला. घरी येऊन नदीननं हात धुतले, पुसले आणि मग म्हणाली, "चाक निखळणार नाही असा ॲक्सल बसव, नाहीतर ट्रक विकून टाक. विधवा होऊन टोमॅटो लावायची मला हौस नाही."

म्हणून हा शोध. आणि शोध असा, की जो सापडेल त्यात खोट.

वेंडेल कोलाच्या बाटलीत खारे शेंगदाणे टाकून ते पीत पीत आला. "अजून मिळाला नाही? लग्नाला मुलगी बघतोयस की काय?"

"बघ ना," मी म्हणालो. "एक जाड, एक बारीक. पत्रिका कुणाशीच जुळत नाही."

वेंडेल आम्हाला दुकानांना पाव पोचवणाऱ्या एका जुन्या मालट्रकजवळ घेऊन गेला. "ह्याच्याखालचा घे. ह्यात गाडीचं वजन बाहेरच्या नळीवर असतं, आतल्या दांड्यावर नाही. दांडा तुटला तरी चाक जागचं हलत नाही. आणि तो तुटायचाही नाही, लिहून घे."

गार्लंड खाली शिरला. चाकावर खडूची खूण केली, चाक हातानं एक फेरा फिरवलं आणि इंजिनाकडून येणारा दांडा किती फेरे घेतो ते पाहिलं. पुन्हा एकदा फिरवलं. गुणोत्तर त्याला हवं तसंच निघालं असणार, कारण तो नाराज होऊन बाहेर आला.

"जड आहे," तो म्हणाला.

"आहे."

"माझी चाकं ह्याला बसणार नाहीत."

"बसणारी माझ्याकडे पडून आहेत. घेऊन जा."

"जड धोंडा माझ्या गळ्यात बांधून मला हरवायचंय तुला."

मला वाटलं वेंडेल हसेल. तो हसला नाही. "गार्लंड, एवढी वर्षं मी तुला हरवतोय. एकदा तरी कुणी म्हणालं का, की वेंडेल जिंकला? न्हाव्याकडे जावं तर तो म्हणतो, गार्लंडचा ॲक्सल तुटला म्हणे! माझी बायकोसुद्धा तेच म्हणते. अरे बाबा, मला एकदा धड जिंकू दे. नाहीतर धड हरू तरी दे."

गार्लंड खडू हातात घोळवत उभा राहिला. मग मला म्हणाला, "टोबी, पान्यांची पेटी आण."

जोडकाम माझ्या वेल्डिंगच्या शेडमध्ये केलं. मापं त्यानं घेतली, मी डाग दिले. उगाच खोटं का बोलू, काम सुरेख झालं. मी डोळ्यांवरची काच वर केली तर गार्लंड त्या गार होणाऱ्या लोखंडाकडे, पाहुणा किती दिवस राहणार अशा नजरेनं बघत होता.

"टोबी, हा तुटलाच नाही तर?"

"तर काय? शर्यत होईल."

"तेच म्हणतोय मी."

मला एकदम त्याची फार कीव आली. म्हणजे बारीक, रुंद, जड हे सगळं खोट काढणं ह्यासाठी चाललं होतं! दुसरा कुणी असता तर मी चेष्टा केली असती. मी ॲक्सलचं झाकण घट्ट केलं आणि तेल भरलं.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी दुपारी झाडून सगळं गाव पट्टीवर होतं. नदीन माझ्या शेजारी उभी होती. दोन्ही पिकअप रेषेवर आले, तसे तिनं सवयीप्रमाणे कान झाकले. खांबावरचे पिवळे दिवे एकेक लागत खाली उतरत गेले. हिरवा.

कडाड् झालंच नाही. काळा पिकअप मागच्या चाकांवर बसला आणि सुटला. सरळ, सुतात. नदीनचे हात कानांवरून खाली आले. अर्ध्या वाटेपर्यंत दोघं बरोबरीत होते. मग लाल पिकअपचं नाक पुढं आलं, मग दार, आणि शेवटच्या रेषेवर वेंडेल अख्ख्या ट्रकभर पुढं होता.

कुणी टाळी वाजवेना. वाजवावी की नाही, तेच लोकांना कळेना. परतीच्या रस्त्यानं गार्लंड सावकाश, शाळेच्या बसच्या चालीनं आला आणि आमच्यापाशी थांबला. मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

"हरलो," तो म्हणाला. नंतर जरा मोठ्यानं म्हणाला, "नदीन, अगं मी हरलो! त्याची गाडी माझ्यापेक्षा पळते. बस्, एवढंच!"

आणि हसायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला पट्टीवर हसताना पाहिलं नव्हतं. घट्ट बूट काढल्यावर माणूस जसा बोटं हलवून बघतो, तसा तो खांदे हलवत होता. नदीननं खिडकीतून हात घालून त्याची कॉलर धरली आणि सगळ्या गावासमोर रडली. माझाही जीव भांड्यात पडला. वेंडेल आला, तेव्हा गार्लंडनंच खाली उतरून त्याचा हात उंच धरला. मग टाळ्या पडल्या. वेंडेलला काय करावं ते सुचेना. तो आपला टोपी काढत होता आणि पुन्हा घालत होता.

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर नदीन रोपं लावत होती. प्रत्येक रोपाशेजारी लोखंड होतं. शेवटचं एक तेवढं उघडं राहिलं, ह्या वेळी नवा दांडा तुटलाच नव्हता.

"ह्याला काय बांधू?" तिनं विचारलं.

गार्लंडनं इकडेतिकडे पाहिलं. मग शेडमधला जुना झाडू आणला, त्याचा दांडा करवतीनं कापला आणि रोपाशेजारी ठोकला. नदीननं उशीच्या फाटक्या अभ्र्याची पट्टी काढून रोप त्याला सैलसर बांधलं.

"वाकडा ठोकलायस," ती म्हणाली.

"असू दे," गार्लंड म्हणाला आणि तिथंच तिच्याशेजारी मातीत बसला. "त्याला फक्त टोमॅटोच धरायचाय."