मंडळाचा एकुलता एक नारळ

वॉटफर्डच्या स्नेहदीप मंडळासाठी वीणाताईंनी आयुष्यभर लाडू वळले, पण त्या दिवाळीत त्यांना मंडळाची जेवढी लाज वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती.

शेजारच्या ऑरिन टकेटचा सत्कार करा, हा आग्रह त्यांचाच. टकेट नव्वदीच्या पुढचे. तरुणपणी ओहायोत अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लांबट बॉल काखेत मारून पळायचा खेळ, खेळून पोट भरलेले. पोट भरलेले म्हणजे काय, दोन वेळचं जेवण आणि डोक्यावर हेल्मेट म्हणून चामड्याची टोपी! युद्धात इंग्लंडला आले, इथलीच बायको केली आणि इथेच रमले. "माझ्या हातातला बॉल कधी कुणाला काढून घेता आला नाही," हे ते कुंपणावरून पुन्हा पुन्हा सांगत. पण खांदा मोडला त्या दिवशी संघाच्या मालकानं मैदानाच्या कडेलाच त्यांच्या अंगातली जर्सी ओढून काढली. जर्स्या मोजक्याच होत्या आणि नवा गडी उभा होता. मोडक्या खांद्यानं, बनियनवर घरी गेलेला तो माणूस हे अजून विसरला नव्हता.

वीणाताई वर्षभर कंठशोष करत होत्या, तेव्हा मंडळाच्या सेक्रेटरीला, संजयला, वेळ नव्हता. वेम्बलीला अमेरिकन फुटबॉलची मॅच झाली आणि साहेबांना एकदम टकेट आठवले.

टकेट सूट घालून आले. संजयनं त्यांचं आयुष्य दीड वाक्यात उरकलं, तेही नाव चुकवून. मग शाल, श्रीफळ, फोटो. नारळ हातात पडताच टकेटनी तो जुन्या सवयीनं काखेत घट्ट दाबला. लोक कौतुकानं हसले, तेही हसले.

आता आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक असते. नारळ एकच. सत्कारमूर्ती स्टेजवरून उतरली की तो गुपचूप परत घ्यायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. हे टकेटना कोण सांगणार?

"सर, द कोकोनट, प्लीज," म्हणत संजयनं पायरीवरच नारळाला हात घातला आणि ओढला.

टकेटचा चेहरा पांढराफटक पडला. मोडका खांदा पुढे करून ते नारळावर वाकले. संजय ओढतोय, म्हातारा सोडत नाही, आणि पब्लिक खिदळतंय! वीणाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"संजय, हात काढ!"

"अहो वीणाताई, पुढचा सत्कार स्पॉन्सरचा, ते वेट करतायत. एकच नारळ आहे, त्यांना जरा एक्स्प्लेन करा ना."

"काय एक्स्प्लेन करू? दिलेलं ओढून घ्यायची आमच्यात पद्धत आहे म्हणून? तुझ्या स्पॉन्सरला नुसती शाल घाल. आणि तुम्ही दात काय काढताय? आपल्या आजोबांशी असं वागला असतात?"

संजयनं हात काढला.

घरी परतताना वीणाताईंच्या गाडीतही टकेटनी नारळ सोडला नाही. दाराशी पोचल्यावर मात्र थांबले.

"त्या दुसऱ्या माणसाला हवा होता का हा?"

"हो," वीणाताई म्हणाल्या. खोटं बोलवेना.

टकेटनी नारळ पुढे केला. "मग द्या नेऊन. मागितला असता तर तिथेच दिला असता." मग म्हणाले, "जर्सीसुद्धा दिली असती."

वीणाताईंनी नारळ घेतला नाही.