होयबांचं गाव

मित्रांनो, गेम कन्सोल म्हणतात मला. आता जुना झालोय. पंखा घरघरतो, डिस्क आत घेताना कण्हतो. पण आजचं माझं रडगाणं म्हातारपणाचं नाही, मला आलेल्या किळसेचं आहे.

कारखान्यात हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे स्क्रू आवळले आणि मी जगात आलो. पुढे एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला आपल्या भाचीसाठी घरी आणलं. शिलाई मशीनशेजारच्या फळीवर माझी जागा. माझ्या जाळीत दोऱ्यांचे तुकडे अडकायचे. आत्या ते चिमट्याने हलकेच ओढून काढायची. लाडाचे दिवस होते ते!

आमचा आवडता खेळ एका नदीकाठच्या गावाचा. भाची तो पुन्हा पुन्हा पहिल्यापासून खेळायची. कधी शिपाई व्हायची, कधी चोर, कधी राजकन्या. पण कुणीही होऊन गावच्या वैद्यिणीकडे विष मागा, ती तोंडावर दार लावून घ्यायची.

"बाई खमकी आहे हो!" आत्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची.

सगळं गावच तसं. डाव बदलायचे, माणसं तीच राहायची. मला त्यांचा केवढा अभिमान!

मग खेळ बनवणाऱ्यांनी नेटवरून अपडेट पाठवलं. मी ते निमूट गिळलं. त्यानंतर वैद्यिणीने चक्क विष दिलं. वर गोड हसून म्हणाली, "आणखी काही, मालक?"

भाचीने उडीच मारली. "आत्या, बघ ना! आता ती माझं ऐकते!"

घासात केस आल्यासारखं आत्याचं तोंड झालं. "ही ती नव्हेच गं. तिचे कपडे घालून दुसरंच कुणीतरी उभं आहे."

"मग जुना खेळ परत घालायचा?"

"घालू. पण या डावातलं तुझं सगळं पुसलं जाईल. माडीचं घर, बाग, पाळलेला लांडगासुद्धा. तू ठरव."

भाचीच्याने ठरवेना. ती खेळत राहिली. रोज काहीतरी वाईट करून बघायची आणि गाव रोज मान डोलवायचं. एकदा तिने लोहाराच्या डोळ्यांदेखत त्याच्या भावाला मारलं. मुद्दामच. भाऊ भट्टीपाशी कोसळला. लोहार त्याला ओलांडून पुढे आला आणि म्हणाला, "या मालक, आज हवा छान आहे."

मित्रांनो, ते वाक्य मला वाजवावं लागलं. ओकता आलं असतं, तर तिथेच ओकलो असतो.

भाचीने कंट्रोलर खाली ठेवला. उठून साबणाने हात धुतले. "शी! आत्या, मी काहीही केलं तरी यांना काहीच वाटत नाही गं."

आत्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"काढून टाकू या," भाची म्हणाली.

"लांडगा जाईल हं."

"माहितीये." तिचे डोळे भरले होते, पण बटण तिनेच दाबलं. आत्याने माझी नेटची तार उपटली आणि जुनी डिस्क आत सरकवली.

भाची पुन्हा रिकाम्या हाताने नदीकाठी उतरली. आल्या आल्या तिने नावाड्याची होडी न विचारता सोडली. त्याने दंड धरून तिला चिखलात उतरवलं आणि साऱ्या घाटासमोर तिची अशी खरडपट्टी काढली की विचारू नका!

"किती बोलतो गं हा!" भाची हसून हसून लोळली.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, आपटू नका, हे तर आलंच. पण माझ्या पोटातली माणसं मिंधी करू नका. तुम्ही चुकलात, तर त्यांना तुमच्यावर खुशाल रागावू द्या.